गंजलेली जुनी क्रूझर सायकल घरीच नीट करायची आहे – सुरुवात कुठून करू?

निवांत_पायडल

नमस्कार मंडळी,

नात्यातल्या एकांच्या अडगळीच्या खोलीतून एक जुनी क्रूझर सायकल माझ्या वाट्याला आली आहे. फुगीर टायर, मागे वळलेलं रुंद हँडल, खाली स्प्रिंगा असलेली ऐसपैस सीट. गिअर नाही, हँडलवर ब्रेकही नाही. पायडल उलटं मारल्यावर ब्रेक लागायला हवा म्हणे, पण सध्या पायडल कुठल्याच बाजूला धड फिरत नाही.

अवस्था सांगतो. चेन चाकावरून काढून हातात धरली तर ज्या आकारात होती त्याच आकारात राहते. हँडल आणि रिमच्या क्रोमवर तपकिरी ठिपके आहेत, मडगार्डच्या कडा खडबडीत झाल्यात. रंग मूळचा मरून असावा. टायरला बोट लावलं की भुगा पडतो. सीट वर-खाली होत नाही आणि वळतही नाही.

माझ्याकडे पान्यांचा संच, एक स्क्रू पाना, पक्कड आणि हातोडी आहे. पंक्चर काढण्यापलीकडे अनुभव शून्य. बेत असा आहे की सुट्टीच्या दिवशी अख्खी सायकल पॉलिश पेपरने घासून काढायची, वर काळा स्प्रे मारायचा आणि मग टायर, ट्यूब, चेन नवीन टाकायची. चालेल ना? फोटो खाली देतोय.

आटेदार

पॉलिश पेपर खाली ठेवा. रंग ही शेवटची गोष्ट, आणि बहुतेक वेळा ती करावीही लागत नाही. आधी सायकल जिवंत आहे का ते बघा.

फ्रेम उलटी करा. पायडल जिथे बसतं तो आडवा नळा, म्हणजे बॉटम ब्रॅकेट, आणि तिथून मागच्या चाकाकडे जाणाऱ्या दोन नळ्या या जागी पाणी साचतं. तिथे अणकुचीदार स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. टणक लागलं तर गंज वरवरचा आहे. पापुद्रे निघून टोक आत गेलं, तर ती फ्रेम भिंतीवर टांगायची, चालवायची नाही.

मग हँडलखालच्या उभ्या नळीच्या मागे, जिथे वरची आणि खालची नळी जोडल्या आहेत, तिथे बोट फिरवा. रंगाला सुरकुती किंवा नळीला बारीक फुगवटा जाणवला तर सायकल कधीतरी समोरून आदळलेली आहे. पुढचं चाक धरणारा चिमटाही बाजूने बघा, मागे ढकलला गेलाय का ते कळेल.

फ्रेम सरळ आहे का हे बघायला दोरा पुरतो. मागचं चाक काढा. ते फ्रेमच्या ज्या दोन खाचांत बसतं, त्यातल्या एकीला दोरा बांधा, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेला आणा आणि ताणा. आता सीटच्या उभ्या नळीपासून दोन्ही बाजूंच्या दोऱ्याचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक असेल तर काळजी नको.

हे करून सांगा, मग पुढचं.

रंगारी_बाबू

माझं मत वेगळं. गंजकी सायकल चकचकीत झालेली बघितल्याशिवाय काम केल्यासारखं वाटत नाही. बिनधास्त घासा आणि प्रायमर मारून रंगवा. ती काही संग्रहालयात जाणार नाहीये.

जुनंपानं

रंगारी_बाबू, इथे मी असहमत.

निवांत_पायडल, तुमचा तिसरा फोटो मोठा करून पाहिला. मागच्या मडगार्डवर मळाखाली फिकट क्रीम रंगाची रेघ आहे, टोकाला निमुळती होत जाणारी. ती हाताने ब्रश चालवून काढलेली दिसतेय, एका जागी किंचित जाड झाली आहे. पॉलिश पेपरचा एक हात फिरला की ती गेली, आणि कुठल्याही स्प्रेने परत येणार नाही.

कोमट पाणी, भांड्यांचा सौम्य साबण आणि मऊ फडकं घ्या. एवढ्यानेच अर्धा 'गंज' उतरतो, कारण तो गंज नसून वाळलेलं तेल आणि धूळ असते. मग गाड्यांच्या रंगावर वापरतात ते हलकं पॉलिश एखाद्या कोपऱ्यात लावून बघा. फडक्याला मरून रंग लागला तर घाबरू नका, तो वरचा मेलेला थर असतो. स्टिकर आणि रेघांवर मात्र पॉलिश घासू नका.

दुसरं कारण जास्त गंभीर आहे. जुन्या रंगांत शिसं असायचं. अमेरिकेत ग्राहकोपयोगी वस्तूंच्या रंगातल्या शिशावर १९७८ मध्ये कडक मर्यादा आली, त्याआधीच्या सायकलीच्या रंगात ते असणार असंच धरून चाला. कोरडं घासलं की धूळ नाकात जाते आणि घरभर पसरते. घासावंच लागलं तर ओलं घासा, मास्क लावा, लहान मुलांना लांब ठेवा आणि खालचा कागद गुंडाळून टाका.

छर्रे

+१. आणि एक अवांतर, कारण फोटो बघून राहवलं नाही.

या फुगीर टायरांची गंमत अशी की अमेरिकेत १९३३ मध्ये श्विन कंपनीने २६ बाय २.१२५ इंचांचे बलून टायर सायकलला आणले. मंदीचे दिवस होते, मोठी माणसं सायकल विकत घेत नव्हती. म्हणून पोरांना मोटरसायकलचा भास होईल अशा सायकली निघाल्या, काहींना तर खोटी पेट्रोलची टाकीसुद्धा असायची. त्या वजनदार आणि दणकट होत्या. म्हणूनच इतक्या जुन्या सायकली अजून सापडतात आणि सहसा नीट होतात. तुमची त्या काळातली असेल असं म्हणत नाही, हा आकार पुढे अनेक कंपन्यांनी उचलला.

निवांत_पायडल

सगळ्यांचे आभार. पॉलिश पेपर परत कपाटात गेला.

टोचून पाहिलं, सगळीकडे टणक आहे. दोन्हीकडचा दोरा सारखाच. धुतल्यावर रेघ खरंच दिसली, जुनंपानं! पुढच्या मडगार्डवरही तशीच आहे. बादलीतलं पाणी मात्र बघवत नव्हतं.

आता अडलोय ते क्रँकपाशी. दोन्ही बाजूंचे दांडे आणि मधला आस असा एकच अखंड वाकवलेला लोखंडी तुकडा दिसतोय. डाव्या बाजूला एक मोठा चपटा नट आहे, तो काही केल्या सुटत नाही. पान्याच्या दांड्याला लांब पाइप लावून जोर लावू का?

आटेदार

अजिबात नको! बहुतेक तुम्ही तो नट आणखी आवळत आहात.

हा अखंड क्रँक. याला ॲश्टाब्युला क्रँक म्हणतात, ओहायो राज्यातल्या त्या गावातल्या कारखान्यावरून. याच्या डाव्या बाजूला उलटे आटे असतात. तो चपटा नट सोडवायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवायचा. हे सगळ्यांचं पहिल्यांदा अडतं.

क्रम असा ठेवा. आधी पायडल काढा. उजवं नेहमीसारखं सुटतं, डाव्याला परत उलटे आटे. मग चेन काढा. मग तो नट, त्याखाली एक वॉशर आणि त्याखाली खाचा असलेला कोन, म्हणजे छर्रे ज्यावर टेकतात तो शंकूसारखा नट. हा कोनही उलट्या आट्यांचाच. खाचेत स्क्रूड्रायव्हर टेकवून हलक्या हाताने ठोकत फिरवा. डावीकडचे छर्रे पिंजऱ्यासकट बाहेर येतील. मग अख्खा क्रँक उजवीकडे सरकवा, तिरका करा आणि डावा दांडा नळ्यातून वळवून बाहेर काढा. प्रथमदर्शनी अशक्य वाटतं, पण जागा बरोबर तेवढीच ठेवलेली असते.

पिंजरा काढण्याआधी तो कोणत्या बाजूने बसलाय याचा फोटो घ्या. उलटा बसवला तर छर्रे कपात नीट टेकत नाहीत आणि सगळं कुरकुरतं.

नवीन पायडल घ्यायचं झालं तर लक्षात ठेवा, अखंड क्रँकच्या पायडलचे आटे अर्ध्या इंचाचे असतात. आजच्या बहुतेक सायकलींचे ९/१६ इंचाचे. ते इथे बसणार नाही, जबरदस्तीही करू नका.

वाचनमात्र

वाखू (वाचनखूण) साठवली. माझ्याही घरी अशीच एक पडून आहे. आजपर्यंत नुसता वाचत होतो, तुमच्या धाग्यामुळे लॉगिन केलं.

निवांत_पायडल

सुटला!! उलट्या दिशेने अर्धा वळसा बसला आणि मग हाताने फिरला. आतलं ग्रीस वाळून मेणाच्या चुऱ्यासारखं झालं होतं. कपाची आतली पट्टी गुळगुळीत आहे, छर्रे मात्र काळपट पडलेत.

पुढचा प्रश्न सीटचा. तिचा खांब फ्रेमच्या नळीत इतका घट्ट बसलाय की वेल्डिंग केल्यासारखा वाटतो.

आटेदार

छर्रे सरळ नवीन घ्या, त्यात काटकसर नको. जुन्यातला एक नमुना बरोबर न्या. अखंड क्रँकला बहुधा ५/१६ इंचाचे लागतात, पण मोजूनच घ्या.

सीटच्या खांबाला चुंबक लावून बघा. चिकटला तर लोखंड, नाही तर ॲल्युमिनियम असण्याची शक्यता जास्त. दोघांचे उपाय वेगळे.

लोखंडी असेल तर गंज सोडवणारं तेल हाच उपाय, आणि त्याला वेळ द्यावा लागतो. आवळायचा बोल्ट पूर्ण बाहेर काढा, नळीच्या फटीत किंचित पाचर मारून ती उघडा आणि तेल सोडा. आता क्रँक निघालाच आहे, तर फ्रेम उलटी करून खालून, बॉटम ब्रॅकेटमधून सीटच्या नळीत तेल टाका. बहुतेक फ्रेममध्ये तिथे भोक असतं. वरून टाकलेलं तेल कडेलाच थांबतं, खालून टाकलेलं मुळाशी जातं. रोज थोडं टाकत राहा आणि मधूनमधून खांबाच्या डोक्यावर हातोडीने टकटक करा. जोराने नाही, नुसती थरथर पोचली पाहिजे.

मग फिरवायचा प्रयत्न. सीटच्या नाकाला धरून पिळलं तर सीटचाच क्लॅम्प घसरतो. त्यापेक्षा सीट काढा, खांबाचं टोक भक्कम वाइसमध्ये पकडा आणि अख्खी फ्रेम दोन्ही हातांनी डावी-उजवी फिरवा. फ्रेमएवढा लांब दांडा दुसरा कुठे मिळणार! आधी फिरवायचा, मग ओढायचा. सरळ ओढत बसलात तर कंबर धराल.

लिंबूसत्व

आणि ॲल्युमिनियम असेल तर: ॲल्युमिनियम आणि पोलाद ओलाव्यात एकमेकांना टेकले की ॲल्युमिनियम झिजून त्याचा पांढरा क्षार बनतो. तो मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून खांब जाम होतो. यात नळी तापवणं फारसं उपयोगी नाही, कारण ॲल्युमिनियम पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं आणि खांब आणखी आवळला जातो. उलट खांब थंड करायचा. खांबाच्या पोकळीत बर्फ भरून लगेच पिळून बघा.

काहीही निघालं तरी परत बसवताना खांबाला ग्रीस लावा. लोखंड-लोखंडालासुद्धा.

रंगारी_बाबू

आता मूळ मुद्दा: गंज. मी मडगार्ड आणि हँडल व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवतो, रात्रीत साफ होतं. एवढ्या चर्चेची गरजच काय?

लिंबूसत्व

व्हिनेगर गंज काढतं हे खरं. पण गंज संपल्यावर ते थांबत नाही, खालचं लोखंडही खायला लागतं. रात्रभर विसरलात तर पृष्ठभाग करडा आणि दाणेदार होतो.

कुठल्या भागाला काय, हे वेगळं वेगळं बघावं लागतं.

क्रोमचे भाग, म्हणजे हँडल, रिम, क्रँक. क्रोमचा थर अतिशय पातळ असतो आणि त्याखाली निकेल. ठिपके दिसतात तिथे बारीक छिद्रातून ओलावा खाली गेला आणि आतलं पोलाद गंजून वर आलं. ॲल्युमिनियम फॉइलचा बोळा करा, पाण्यात भिजवा आणि हलक्या हाताने गोल फिरवा. फॉइल क्रोमपेक्षा खूप मऊ असल्याने ओरखडे पडत नाहीत. काळं पाणी सुटेल, ते पुसत राहा. हट्टी जागी सर्वांत बारीक, चार शून्यांची स्टील वूल तेलात बुडवून घ्या. क्रोमचे पापुद्रे उडाले असतील तर तिथे परत मुलामा देणं सोडून उपाय नाही. कोणी कुठलंही जादूचं पाणी सांगितलं तरी.

सुटे, बिनमुलाम्याचे लोखंडी भाग, म्हणजे नट, वॉशर, ब्रेकचा दांडा. लिटरभर पाण्यात साधारण ५० ग्रॅम सायट्रिक ॲसिड घ्या. भाग आधी तेलमुक्त करा, नाहीतर ॲसिड पोचतच नाही. दर थोड्या वेळाने उचलून बघा.

रंगावर बसलेला गंज. इथे ऑक्झॅलिक ॲसिड कामाला येतं, कारण ते गंज विरघळवतं आणि रंगाला बहुधा हात लावत नाही. लिटरला २० ते ३० ग्रॅम पुरतं. पण हे विषारी आहे, हे नीट वाचा. हातमोजे, चष्मा, मोकळी हवा. पावडर उडू द्यायची नाही, पाण्यात ॲसिड टाकायचं, ॲसिडवर पाणी ओतायचं नाही. स्वयंपाकघरातलं भांडं वापरायचं नाही. जास्त वेळ ठेवलं तर पिवळसर साय धरते आणि ती काढायला त्रास होतो. आधी लपलेल्या जागी चाचणी घ्या, काही लाल रंग फिके पडू शकतात.

ॲसिडमधून काढल्यावर खाण्याचा सोडा घातलेल्या पाण्यात बुचकळा, साध्या पाण्याने धुवा आणि लगेच वाळवा. लगेच म्हणजे लगेचच, चहा घेऊन येतो म्हणालात तर तेवढ्यात केशरी झाक येते. मग तेलाचा हात.

आणि कुठल्याच ॲसिडमध्ये काय टाकायचं नाही: चेन, सीटच्या स्प्रिंगा, जस्ताचा मुलामा असलेल्या तारा. कडक पोलादाला ॲसिडमधला हायड्रोजन ठिसूळ करतो, आणि मुलामा तर आधी तोच जातो.

वाचनमात्र

बॅटरी चार्जर लावून विजेनेही गंज काढतात ना? व्हिडिओत फार सोपं दिसतं.

लिंबूसत्व

काढतात, आणि साध्या लोखंडावर छान होतं. धुण्याच्या सोड्याचं पाणी, भंगारातली लोखंडी पट्टी अधिक टोकाला, गंजलेला भाग उणे टोकाला. पण पट्टी स्टेनलेसची कधीच घेऊ नका. त्यातल्या क्रोमियमची विषारी संयुगं पाण्यात उतरतात. क्रोमचा मुलामा असलेला भागही त्यात घालू नका, मुलामा सुटू शकतो. वर हायड्रोजन वायू निघतो, म्हणजे बंद खोलीत किंवा ठिणगीजवळ नको. नवशिक्याने या वाटेला जाऊ नये असं माझं मत. एका सायकलीसाठी एवढा खटाटोप कशाला?

निवांत_पायडल

लिंबूसत्व, तुमचा प्रतिसाद छापून भिंतीवर लावला आहे.

फॉइलने हँडल घासलं. विश्वास बसणार नाही इतकं उजळलं. जवळून बघितलं तर सुईच्या टोकाएवढे काळे ठिपके राहिलेत, पण हातभर अंतरावरून काही दिसत नाही. एका बाजूची मूठ काढली तेव्हा खालचं क्रोम अगदी नवंकोरं निघालं, इतकी वर्षं रबराने झाकलेलं.

सीटचा खांबही आला. लोखंडी होता, वाइस आणि फ्रेम फिरवण्याचा उपाय लागू पडला. आवाज असा आला की शेजारचे बघायला आले.

आता मागचं चाक. चाक हाताने फिरवलं तर जरा फिरतं आणि अडतं. हब, म्हणजे चाकाच्या मधला नळा, उघडायची भीती वाटतेय. नुसतं स्प्रेचं तेल मारून चालेल का?

छर्रे

नाही. आता माझी पाळी. :)

कोस्टर ब्रेक म्हणजे हाच पायडल उलटं मारून लागणारा ब्रेक. त्याचं हब म्हणजे आत एक जाड आट्याचा स्क्रू आहे असं समजा. पायडल पुढे मारलं की त्या स्क्रूवरचा क्लच उजवीकडे सरकतो आणि हबला पकडून चाक फिरवतो. पायडल थांबवलं की तो सुटा होतो, चाक आपलं चालत राहतं. पायडल मागे मारलं की तोच क्लच डावीकडे सरकतो आणि ब्रेकचे लोखंडी किंवा पितळी जोडे हबच्या आतल्या भिंतीवर दाबतो. न्यू डिपार्चर कंपनीने १८९८ च्या सुमाराला हे प्रकरण लोकप्रिय केलं. तपशील कंपनीगणिक बदलतात, पण कल्पना बरीचशी तीच राहिली.

इथे धातूवर धातू घासतो. म्हणून ग्रीस फक्त छर्ऱ्यांसाठी नसतं, ब्रेकसाठीही लागतं. कोरडं हब ब्रेक मारताच एकदम धरतं आणि मागचं चाक लॉक होतं. स्प्रेचं पातळ तेल उरलंसुरलं ग्रीस धुऊन टाकतं, म्हणजे रोगापेक्षा औषध भारी.

उष्णता किती होते याचा पुरावा हवा असेल तर कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीकडे बघा. सत्तरच्या दशकात तिथली पोरं अशाच जुन्या बलून टायरच्या सायकली डोंगरावरून खाली सोडायची. २१ ऑक्टोबर १९७६ ला त्यांची पहिली शर्यत झाली. एका उतारात कोस्टर ब्रेकचं ग्रीस जळून धूर निघायचा आणि हब परत ग्रीसने भरावं लागायचं. त्यावरूनच त्या उताराला 'रिपॅक' नाव पडलं. आजची माउंटन बाइक त्या खटाटोपातून आली.

तुम्ही डोंगरावरून उतरणार नाही, तरी उष्णता सोसणारं ग्रीस घ्या.

उघडताना: चाक आडवं ठेवा, खाली पांढरं जुनं कापड पसरा. ब्रेकच्या दांड्याच्या बाजूचा लॉकनट सोडवा. जे जे बाहेर येईल ते निघालेल्या क्रमाने आणि त्याच दिशेने कापडावर एका ओळीत मांडा, प्रत्येक पायरीला फोटो घ्या. छर्रे पिंजऱ्यात असतील तर पिंजऱ्याची उघडी बाजू कुठे होती तेही टिपा. सगळं रॉकेलमध्ये धुवा, उघड्या ज्योतीपासून लांब. कोनवर बोटाचं नख फिरवा. खड्डा लागला तर कोन बदला. ब्रेकच्या जोड्यांची घासणारी बाजू आरशासारखी गुळगुळीत झाली असेल तर तीही बदला.

भरताना ग्रीस सगळीकडे, पण क्लच जिथे पकडतो त्या जागी पातळ थर. तिथे जाड थर भरलात तर पायडल पुढे मारताना घसरेल. कोन एवढा आवळायचा की आस हलवल्यावर खुळखुळ नाही आणि फिरवल्यावर कचकचही नाही. दोन्हीच्या मधली जागा सापडायला थोडा वेळ लागतो.

आटेदार

छर्रे यांनी सगळं सांगितलं, मी एकच जोडतो आणि ते सगळ्यात महत्त्वाचं आहे. हबच्या डाव्या बाजूला जो चपटा दांडा आहे तो पट्टीने आणि बोल्टने फ्रेमच्या खालच्या नळीला घट्ट बांधलाच पाहिजे. ब्रेकचा सगळा जोर तोच झेलतो. ती पट्टी नसेल किंवा ढिली असेल तर ब्रेक मारताच दांडा गरकन फिरतो, आस फिरतो, आणि ब्रेक गेला. जुन्या सायकलींना ही पट्टी हमखास गायब असते. तुमच्या फोटोत मला तिथे तार गुंडाळलेली दिसतेय!

निवांत_पायडल

बरोबर ओळखलंत, तार आहे. योग्य मापाची पट्टी आणि बोल्ट घेतो.

हब उघडून, धुऊन, भरून झालं. जोडे पितळी निघाले आणि चांगले आहेत. चाक आता फिरवलं की फिरतच राहतं, बघत बसावंसं वाटतं. मधेच थोडं डुलतं मात्र. टायरची ऑर्डर '२६ इंची' म्हणून देऊ ना?

आटेदार

नुसतं २६ सांगू नका. २६ बाय २.१२५, असं दशांशात लिहिलेलं असेल तर रिमचा व्यास ५५९ मिलिमीटर. २६ बाय १-३/४, असं अपूर्णांकात असेल तर जुन्या श्विन सायकलींवर तो ५७१. ऐकायला सारखं, पण एकाचा टायर दुसऱ्यावर चढत नाही. जुन्या टायरच्या कडेवर छापलेलं वाचा, भुगा झाला असला तरी अक्षरं बहुधा उमटलेली असतात. नव्या टायरवर ५४-५५९ असा आकडा असतो, त्यातला दुसरा जुळवायचा.

रिमच्या आतली पट्टी नवीन टाका, तारांची टोकं वर आलेली नाहीत ना ते बघा. हवा टायरवर लिहिल्याप्रमाणे. या टायरांना साधारण ३५ ते ४५ पीएसआय असते, रेसिंग सायकलसारखी ठासून भरू नका.

डुलणं म्हणजे चाक आऊट आहे. आऊट काढायला टायर चढवण्याआधीच बसा. प्रत्येक निपलच्या, म्हणजे तारेच्या टोकाला रिममध्ये बसणाऱ्या बारीक नटाच्या, मुळाशी तेलाचा एकेक थेंब टाकून रात्रभर ठेवा, नाहीतर निपल फिरण्याऐवजी तार पिळेल आणि तुटेल. सायकल उलटी ठेवा, फ्रेमला रिमजवळ पेन्सिल बांधा. रिम जिथे उजवीकडे घासते तिथल्या डाव्या बाजूच्या तारा पाव वळसा आवळा, उजव्या पाव वळसा ढिल्या करा. एका वेळी पाव वळसाच. कोस्टर ब्रेकमध्ये रिमवर ब्रेकचे रबर नसतात, त्यामुळे दोन-तीन मिलिमीटर राहिलं तरी काही बिघडत नाही. अचूकतेच्या मागे लागून तारा ओढत बसू नका.

वाचनमात्र

चेन रॉकेलमध्ये भिजवून सोडवता येते का? माझीही अशीच कडक झालीय.

आटेदार

कडक झालेली येते, पण आतून गंजलेल्या पिनांचा भरवसा नसतो. कोस्टर ब्रेकमध्ये चेन तुटली किंवा उतरली की ब्रेकही गेला, म्हणून मी नवीनच टाकतो. १/२ बाय १/८ ची घ्या. जोडकडीची क्लिप बसवताना तिचं बंद टोक चेन जाते त्या दिशेला हवं, उघडं टोक मागे.

जुनी तपासायची असेल तर पट्टी लावा. एका पिनवर शून्य ठेवलं की १२ इंचांवर पिन बरोबर यायला हवी. १/१६ इंच पुढे गेली असेल तर चेन बदला. १/८ गेली असेल तर दातेही झिजलेत असं समजा.

ताण: वरच्या चेनच्या मधोमध बोट दाबलं की साधारण अर्धा इंच हलली पाहिजे. क्रँक पूर्ण फिरवून ती सगळ्यात घट्ट कुठे होते ते बघा आणि तिथे हा अर्धा इंच मोजा, कारण जुनं चेनव्हील पूर्ण गोल क्वचितच असतं.

रंगारी_बाबू

मान्य करतो, फोटोत आता तो मरून रंग छान दिसतोय. पण मागच्या मडगार्डच्या आतून तरी रंगवा हो. तिथे कोणाला काय दिसणार, आणि गंज तिथूनच सुरू होतो.

जुनंपानं

यावर मात्र शंभर टक्के सहमत! आतून गंजरोधक प्रायमर आणि रंग, बाहेरून फक्त मेणाचं पॉलिश.

निवांत_पायडल

झाली उभी. नवे टायर, नवी चेन, नवे छर्रे, ब्रेकची नवी पट्टी. रंग जुनाच, रेघेसकट. मोकळ्या मैदानात फिरवली. ब्रेक सुरुवातीला थोडा उशिरा लागत होता, मग बसला. सीटच्या स्प्रिंगा कुरकुरतात, ते मला आवडतंय म्हणून तसंच ठेवलंय.

दोन शंका. जोरात पायडल मारलं की खालून एका ठरावीक जागी 'टक' असा आवाज येतो. आणि पुढे वेगळा ब्रेक लावायची गरज आहे का?

आटेदार

पुढचा ब्रेक लावा. वर सांगितलं तसं, चेन गेली की या सायकलला दुसरा आधार नाही. चिमट्याला भोक असेल आणि रिम रुंद असेल तर लांब हातांचा कॅलिपर, म्हणजे रिमला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेक, शोधावा लागेल. तो मिळेपर्यंत उतार आणि रहदारी टाळा.

'टक' प्रत्येक फेरीला एकदाच येत असेल तर आधी डावं पायडल आवळा, मग उजवं. तरी राहिला तर क्रँकचा डावा कोन. नव्या छर्ऱ्यांना बसायला थोडा वेळ लागतो आणि पहिल्या काही चकरांत तो किंचित ढिला होतो. दांडा धरून डावी-उजवी हलवा. खुळखुळ जाणवली तर नट सोडा, कोन बारीकसा फिरवा, नट परत आवळा. दोन्हीला आवळायची दिशा घड्याळाच्या उलट. आणि हात घातलाच आहे तर दोन्ही चाकांचे नट आणि ब्रेकच्या पट्टीचा बोल्टही तपासून घ्या.

निवांत_पायडल

कोनच होता. पाव वळसाही लागला नाही, आवाज गेला. चाकांचे नट घट्ट होते, पट्टीचा बोल्ट मात्र जरासा फिरला.